एस्पेरान्तो : सोळा नियम आणि नियमांपलीकडील व्याकरण

इ. स. १८८७ च्या जुलै महिन्यात वॉर्सा येथे रशियन भाषेत एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका नव्या भाषेची वर्णमाला, सोळा नियमांत बसविलेले तिचे संपूर्ण व्याकरण, सुमारे नऊशे शब्दमुळांचा कोश आणि नमुन्यादाखल काही उतारे एवढाच मजकूर त्यात होता. कर्त्याने आपले खरे नाव न देता 'दोक्तोरो एस्पेरान्तो' असे टोपणनाव घेतले होते. पुढे तेच त्या भाषेचे नाव झाले. या नावातच तिच्या व्याकरणाचा एक लहानसा पाठ आहे. 'एस्पेर्' म्हणजे आशा करणे, '-आन्त्' हा वर्तमानकालवाचक कर्तरी कृदंताचा प्रत्यय आणि '-ओ' ही नामाची खूण. मिळून अर्थ झाला 'आशा करीत असलेला'.

सोळा नियमांत एक भाषा संपूर्णपणे सांगता येते काय, हा प्रश्न तेव्हापासून भाषाभ्यासकांपुढे उभा आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये त्यांच्या व्याख्यानांचे जे संकलन प्रसिद्ध झाले, त्यात भाषेच्या परिवर्तनशीलतेचे विवेचन करताना एस्पेरान्तोचा उल्लेख आला आहे. कृत्रिम भाषा जोवर प्रचारात आलेली नाही तोवर ती कर्त्याच्या स्वाधीन असते. परंतु ती सर्वांची झाली की तिच्यावरचा त्याचा ताबा सुटतो. न बदलणारी भाषा रचू पाहणारा मनुष्य हा बदकाचे अंडे उबविणाऱ्या कोंबडीसारखा होय, असे सोस्यूर यांचे मत होते. एस्पेरान्तो यशस्वी झालीच, तर या नियमातून ती सुटेल काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांचे धाकटे बंधू रने द सोस्यूर हे व्यवसायाने गणिती. त्यांनी मात्र याच भाषेच्या व्याकरणात कित्येक वर्षे घालविली. थोरल्या भावाने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग धाकट्या भावाच्या कामात सापडतो. तो पाहण्यापूर्वी भाषेची घडण थोडी तपशिलाने ध्यानात घेणे अवश्य आहे.

भाषेचे कर्ते लुद्विक झामेनहोफ (१८५९–१९१७) हे नेत्रवैद्य होते. त्यांचा जन्म त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या ब्यालिस्तोक या गावी ज्यू कुटुंबात झाला. पोलिश, रशियन, यिडिश, जर्मन, बेलारूशियन अशा अनेक भाषा तेथे शेजारी शेजारी नांदत, आणि त्या बोलणारे समाज एकमेकांकडे संशयाने पाहत. भाषेची कल्पना त्यांना शाळकरी वयातच सुचली होती, आणि तिचा पहिला आराखडा १८७८ मध्ये तयार झाला होता. दरम्यान, १८७९–८० च्या सुमारास योहान मार्टिन श्लायर या जर्मन कॅथलिक धर्मगुरूने 'फोलाप्यूक' नावाची भाषा प्रसिद्ध केली. ती प्रथम झपाट्याने पसरली आणि तितक्याच झपाट्याने ओसरली. तिच्या ऱ्हासाची दोन कारणे येथे प्रस्तुत आहेत. एक म्हणजे तिची शब्दमुळे ओळखू न येण्याइतकी मोडलेली होती. 'फोल' म्हणजे जग आणि 'प्यूक' म्हणजे बोलणे, ही इंग्रजी शब्दांचीच रूपे आहेत हे सांगितल्यावाचून कळत नाही. दुसरे कारण असे की, भाषेत काय बदलावे याचा अंतिम अधिकार श्लायर यांनी स्वतःकडे ठेवला, आणि १८८९ च्या पॅरिस येथील परिषदेनंतर त्यांच्या अनुयायांत फूट पडली. झामेनहोफ यांनी पहिल्याच पुस्तकात भाषेवरचा आपला सर्व हक्क सोडून दिला होता. एस्पेरान्तो टिकून राहिली याचे श्रेय तिच्या व्याकरणाच्या सुलभपणाला देण्याची रीत आहे. वास्तविक ते या हक्कत्यागाला अधिक द्यावयास हवे.

वर्णमालेत अठ्ठावीस अक्षरे आहेत; पाच स्वर आणि तेवीस व्यंजने. प्रत्येक अक्षराला एकच उच्चार आणि प्रत्येक उच्चाराला एकच अक्षर, असा नियम आहे. रोमन लिपी या कामी अपुरी पडते, म्हणून पाच व्यंजनांच्या डोक्यावर छपराच्या आकाराची आणि एकावर चंद्रकोरीची खूण दिली आहे. आ, ए, इ, ओ, उ हे ते पाच स्वर. त्यांत ऱ्हस्व-दीर्घ असा अर्थभेदक फरक नाही, म्हणून या लेखातील लिप्यंतरात इकार-उकार सर्वत्र ऱ्हस्व लिहिले आहेत. मराठीतला ऱ्हस्व 'अ' तीत मुळीच नाही, महाप्राण व्यंजने नाहीत आणि मूर्धन्यही नाहीत. आघात नेहमी उपान्त्य स्वरावर पडतो.

एका बाबतीत मात्र ही वर्णमाला मराठी लेखनपद्धतीहून काटेकोर आहे. मराठीत 'चार' या संख्येतला 'च' तालव्य आणि गुरांच्या 'चारा'मधला 'च' दंततालव्य. उच्चार दोन, अक्षर एक, आणि वाचकाने तो भेद सवयीने जाणावयाचा. एस्पेरान्तोत या दोन ध्वनींना दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. (पुढे दंततालव्य ध्वनी 'च़' असा दाखविला आहे.) उलट, जाणणे या अर्थाच्या 'स्च़िइ' या क्रियापदाच्या आरंभीचे जोडाक्षर मराठी जिभेलाही जड जाते. श्लायर यांनी चिनी भाषकांच्या सोयीसाठी 'र' हा वर्ण शक्य तेथे टाळला होता. झामेनहोफ यांनी असल्या सवलती फारशा दिल्या नाहीत. त्यांच्या कानांत पूर्व युरोपातील भाषांचे नाद होते आणि त्यांना ते अवघड वाटले नसावेत.

फारसीतील घशातल्या 'ख़'सारखा जो वर्ण या वर्णमालेत आहे, त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. बोलणाऱ्यांना तो नकोसा झाला आणि त्याच्या जागी हळूहळू 'क' येऊ लागला. रसायनशास्त्राला 'ख़ेमिओ'ऐवजी 'केमिओ' म्हणू लागले. वास्तुशिल्पी 'आर्ख़ितेक्तो' होता तो 'आर्कितेक्तो' झाला. चिनी मनुष्य 'ख़िनो' होता तो 'चिनो' झाला. हा वर्ण कोणी रद्द केला नाही. तसे करताही आले नसते. कारण १९०५ मध्ये फ्रान्समधील बुलोन्य-स्यूर-मेर येथे ६८८ लोकांच्या उपस्थितीत जी पहिली जागतिक परिषद भरली, तिने 'फुन्दामेन्तो' या ग्रंथाला भाषेचा अस्पर्श्य पाया म्हणून मान्यता दिली होती. सोळा नियम, पाठमाला आणि मूळ कोश यांचा तो संग्रह होय. त्यातील काहीही वगळावयाचे नाही. मात्र जुन्या रूपाशेजारी नवे रूप घालता येते आणि जुने आपोआप आर्ष ठरते, अशी तरतूद झामेनहोफ यांनी प्रस्तावनेत करून ठेवली होती. नियम अबाधित ठेवून वर्ण माघारी कसा जातो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

पदविचार प्रत्ययांवर उभा आहे आणि त्या प्रत्ययांना अपवाद नाहीत. नामाला '-ओ', विशेषणाला '-आ', क्रियाविशेषणाला '-ए', धातुरूपाला '-इ' लागतो. वर्तमानकाळ '-आस्', भूतकाळ '-इस्', भविष्यकाळ '-ओस्', संकेतार्थ '-उस्', आज्ञार्थ '-उ'. पुरुष-वचनाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. 'लेर्नि' म्हणजे शिकणे. 'मि लेर्नास्' मी शिकतो, 'नि लेर्निस्' आम्ही शिकलो, 'इलि लेर्नोस्' ते शिकतील. नामाचे अनेकवचन '-य्' लावून होते, आणि विशेषणही नामाबरोबर बदलते. 'बोना दोमो' चांगले घर, 'बोनाय् दोमोय्' चांगली घरे. लिंगभेद व्याकरणात नाही. अनिश्चित उपपद नाही, निश्चित उपपद 'ला' आहे. ज्यांच्या भाषेत उपपद नाही त्यांनी ते आरंभी वापरले नाही तरी चालेल, अशी मुभा पहिल्या नियमाच्या टीपेतच दिली आहे. मराठी भाषकाला तिचा लाभ होतो, आणि नेमक्या याच ठिकाणी तो पुढे वर्षानुवर्षे चुकत राहतो.

कर्माचा प्रत्यय '-न्' हा या व्याकरणातला सर्वांत वादग्रस्त भाग होय. मराठीत 'मांजर उंदीर पकडते' या वाक्यात कर्माला कोणतीही खूण नाही. शब्दक्रम आणि मांजर-उंदरांचे जगजाहीर संबंध यांवरून कर्म कोणते ते कळते. 'आईने मुलाला उचलले' येथे मात्र 'ला' आला आहे, कारण कर्म मनुष्यवाचक आहे. एस्पेरान्तोत असला विवेक नाही. प्रत्येक प्रत्यक्ष कर्माला '-न्' लागलाच पाहिजे. 'ला कातो काप्तास् ला मुसोन्' हे वाक्य शब्द कसेही उलटेपालटे केले तरी त्याच अर्थाचे राहते. हाच प्रत्यय गतीची दिशाही दाखवितो. 'बागेत बसला' आणि 'बागेत गेला' या दोहोंना मराठीत एकच सप्तमी पुरते. एस्पेरान्तोत पहिल्या ठिकाणी 'एन् ला जार्देनो' आणि दुसऱ्या ठिकाणी 'एन् ला जार्देनोन्'. हा प्रत्यय काढून टाकण्याची सूचना वारंवार पुढे आली. खुद्द झामेनहोफ यांनी १८९४ मध्ये वाचकांपुढे ठेवलेल्या सुधारणांत ती होती. वाचकांनी मतदान करून सर्वच सुधारणा नाकारल्या. म्हणजे अवघ्या सात वर्षांत भाषा कर्त्याच्या हातून सुटली होती, आणि सुटली ती बदलण्यासाठी नव्हे तर बदलू न देण्यासाठी. कोंबडीच्या दृष्टांतात या शक्यतेला जागा नव्हती.

सार्वनामिक शब्दांचे कोष्टक मराठी अभ्यासकाला परिचित वाटेल. कि-, ति-, इ-, चि-, नेनि- हे पाच आरंभ आणि नऊ अंत्य यांच्या संयोगाने पंचेचाळीस शब्द सिद्ध होतात. 'किआम्' केव्हा, 'तिआम्' तेव्हा, 'चिआम्' सर्वदा, 'नेनिआम्' कधीच नाही. 'किए' कोठे, 'तिए' तेथे. 'किओम्' किती, 'तिओम्' तितके. मराठीत केव्हा-जेव्हा-तेव्हा, कसा-जसा-तसा, कितका-जितका-तितका अशी माळ आहेच. किंबहुना एका बाबतीत मराठीची माळ अधिक समृद्ध आहे. प्रश्नार्थक 'क' आणि संबंधी 'ज' यांत मराठी स्पष्ट भेद करते. एस्पेरान्तोत दोहोंना 'कि-' हाच एक आरंभ आहे, आणि 'किआम्' म्हणजे केव्हा की जेव्हा हे संदर्भावरून ठरवावे लागते. झामेनहोफ यांना परिचित असलेल्या युरोपीय भाषांत हे दोन गट बव्हंशी एकरूप आहेत, म्हणून ती उणीव त्यांच्या ध्यानी आली नसावी. सर्व भाषांना समान अंतरावर असलेली भाषा रचणे किती अवघड आहे, हे अशा लहान जागी दिसते.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे जाणवते. बहुसंख्य मुळे लॅटिन व तिच्या वंशजांकडून आली आहेत; 'हुन्दो' (कुत्रा) जर्मनकडून, 'बिर्दो' (पक्षी) इंग्रजीकडून, वाक्यारंभी येणारा प्रश्नवाचक 'चु' पोलिशकडून, 'काय्' (आणि) प्राचीन ग्रीककडून. भारतीय वाचकाला पात्रो आणि पितृ, नोमो आणि नाम, नोवा आणि नव, सेप् आणि सप्त, नाउ आणि नऊ यांतले नाते तत्काळ दिसेल. परंतु हा लाभ भाषाकुलाचा आहे. तमिळ किंवा जपानी भाषकाच्या वाट्याला तो येत नाही. नातेवाचक शब्दांत तर युरोपीय कुटुंबरचनाच भाषेत उतरली आहे. 'ओन्क्लो' म्हणजे काका आणि मामाही. 'ओन्क्लिनो' म्हणजे आत्या, मावशी, काकू, मामी या सर्वजणी. 'बो-' हा उपसर्ग विवाहाने जडलेले नाते दाखवितो, तेव्हा 'बोफ्रातिनो' या एका शब्दात नणंद, मेहुणी आणि भावजय एकत्र नांदतात. मराठी घरात या तिघींच्या मानपानात केवढे अंतर आहे हे सांगावयास नको. स्त्रीवाचक शब्द पुरुषवाचकाला '-इन्' लावून साधावे लागतात ('पात्रो' पिता, 'पात्रिनो' माता), यावर अलीकडच्या दशकांत बराच आक्षेप घेतला गेला असून, स्त्री-पुरुषभेद न करणारे 'रि' हे सर्वनाम तरुण पिढीतील काहीजण वापरतात. झामेनहोफ यांच्या सर्वनामांत ते नव्हते.

मुळांची ही टंचाई उपसर्ग-प्रत्ययांनी भरून काढली आहे, आणि भाषेचे खरे बळ येथेच आहे. 'साना' म्हणजे निरोगी. 'माल्' हा विरुद्धार्थी उपसर्ग लावला की 'माल्साना' आजारी. '-उल्' लावून 'माल्सानुलो' आजारी मनुष्य. '-एय्' हा स्थानवाचक लावून 'माल्सानुलेयो' म्हणजे रुग्णालय. अभाव आणि विरोध यांत येथे भेद केला जातो. 'नेबेला' म्हणजे सुंदर नसलेले, 'माल्बेला' म्हणजे कुरूप. संस्कृतातील नञ् दोन्ही कामे एकटाच करतो. 'अज्ञान' हा ज्ञानाचा अभाव, पण 'अधर्म' हा धर्माचा केवळ अभाव नव्हे, विरोधही होय. या उपसर्गाने कोठे कोठे गंमतही होते. 'फेर्मि' म्हणजे बंद करणे हे मूळ धरल्यामुळे उघडणे म्हणजे 'माल्फेर्मि', जणू दार स्वभावतःच बंद असते.

येथपर्यंतचे सर्व नियमांत सांगितलेले आहे. जे सांगितलेले नाही, त्याकडे प्रथम बोट दाखविले ते लुई कूत्युरा या फ्रेंच तर्कशास्त्रज्ञाने. १९०७–०८ मध्ये एस्पेरान्तोची सुधारित आवृत्ती म्हणून जी 'इदो' भाषा पुढे आली, तिचे ते प्रमुख पुरस्कर्ते; ओटो येस्पर्सन यांच्यासारखे नामवंत भाषाशास्त्रज्ञही त्या कामी सहभागी होते. कूत्युरा यांचा आक्षेप असा : 'क्रोनो' म्हणजे मुकुट, त्याला '-इ' लावून 'क्रोनि' म्हणजे मुकुट घालणे. आता या क्रियापदाचे नाम करावयाचे तर '-इ'च्या जागी '-ओ' ठेवावा, आणि अर्थ व्हावा 'मुकुट घालण्याची क्रिया'. परंतु मिळतो तो पुन्हा मुकुटच. ज्या वाटेने जावे त्याच वाटेने परत येता आले पाहिजे, हे तर्काचे तत्त्व एस्पेरान्तो पाळत नाही, म्हणून तिची शब्दसिद्धी सदोष आहे. इदोत यासाठी मधे एक प्रत्यय सक्तीचा करण्यात आला.

रने द सोस्यूर यांनी १९१० मध्ये 'आन्तिदो' या टोपणनावाने याचे उत्तर दिले. दोष भाषेत नाही, तिच्या वर्णनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सोळा नियम वाचले असता असे वाटते की, मूळ हे तटस्थ असून '-ओ', '-आ', '-इ' हे प्रत्ययच त्याला नाम, विशेषण वा क्रियापद बनवितात. वस्तुतः प्रत्येक मुळाचा एक अंगभूत वर्ग आहे. 'ब्रोस्' (ब्रश) हे मूळ जात्याच नाम आहे. म्हणून 'ब्रोसो' म्हणजे ती वस्तू आणि 'ब्रोसि' म्हणजे तिने घासणे. 'कोम्ब्' (विंचरणे) हे मूळ जात्याच क्रियापद आहे; म्हणून 'कोम्बो' म्हणजे कंगवा नव्हे, तर विंचरण्याची क्रिया, आणि कंगव्याला '-इल्' हा साधनवाचक प्रत्यय जोडून 'कोम्बिलो' म्हणावे लागते. 'क्रोन्' नामवर्गातले असल्यामुळे तेथे उलट, क्रियेलाच '-आद्' हा प्रत्यय लागून 'क्रोनादो' म्हणजे मुकुट चढविण्याचा विधी असा शब्द होतो. हा भेद झामेनहोफ यांनी कोठेही सांगितला नव्हता. पण त्यांच्या लेखनात तो पाळला गेला होता आणि इतरही बहुधा नकळत पाळीत होते.

भारतीय व्याकरणपरंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला या शोधाचे मर्म समजावयास वेळ लागू नये. धातू आणि प्रातिपदिक हा जो भेद आपल्याकडे शब्दसिद्धीच्या पायाशीच मानला आहे, तोच हा. 'कोम्ब्' हा धातू, 'ब्रोस्' व 'क्रोन्' ही प्रातिपदिके, आणि 'क्रोनि' हा नामधातू. मराठीत 'चाळणे'पासून 'चाळणी' आणि 'किसणे'पासून 'किसणी' होते, येथे धातू आधी आणि साधन नंतर. 'कोम्बिलो'ची जात हीच. उलट 'हात' या नामापासून 'हाताळणे' हा नामधातू होतो, आणि त्या क्रियेला नाव द्यावयाचे झाल्यास कोणी पुन्हा 'हात' म्हणत नाही, 'हाताळणी' म्हणतो. कूत्युरा यांचे तत्त्व मराठीला लावले तर तीही सदोष ठरेल. युरोपीय तर्कशास्त्रज्ञाला जो दोष वाटला, तो नैसर्गिक भाषांचा सामान्य धर्म आहे, आणि तो एका रचलेल्या भाषेत न सांगता येऊन बसला होता. रने यांनीच पुढे एस्पेरान्तोच्या सुधारणेचे स्वतःचे आराखडे एकामागून एक रचले, हा भाग निराळा.

मुळांचा आणखी एक गुण नियमांत आलेला नाही, तो म्हणजे सकर्मकत्व. मराठीत 'पाणी उकळते' आणि 'तो पाणी उकळतो' असे एकच क्रियापद दोन्हीकडे चालते. एस्पेरान्तोत 'बोलि' (उकळणे) अकर्मकच आहे; सकर्मक अर्थासाठी '-इग्' हा प्रयोजक प्रत्यय जोडून 'बोलिगि' म्हणावे लागते. 'कोमेन्च़ि' (सुरू करणे) मात्र सकर्मकच आहे. 'धडा सुरू होतो' म्हणावयाचे तर '-इज्' जोडून 'कोमेन्च़िजास्' म्हटले पाहिजे. कोणते मूळ कोणत्या बाजूचे, हे सांगणारा नियम नाही. कोशात पाहावे आणि लक्षात ठेवावे. मरणे-मारणे, संपणे-संपविणे हे भेद पाठ करणाऱ्या परकी विद्यार्थ्याचीही मराठीत हीच स्थिती होत असते.

कृदंतांच्या बाबतीत नियमांचे मौन अधिक महाग पडले. कृदंते सहा, तीन कर्तरी आणि तीन कर्मणी. मराठीत त्यांचे प्रतिरूप सहज देता येते. 'कोन्स्त्रुआता दोमो' म्हणजे बांधले जात असलेले घर, 'कोन्स्त्रुइता' बांधलेले, 'कोन्स्त्रुओता' बांधायचे. वाद निघाला तो ही कृदंते 'एस्तिस्' (होता, होते) या साहाय्यकाबरोबर योजल्यावर. 'पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले' हे कर्मणीत कसे म्हणावे? एक पक्ष म्हणे, 'एल्दोनिता' म्हणा, कारण '-इत्' क्रियेची पूर्णता दाखवितो. दुसरा पक्ष म्हणे, तसे म्हटल्यास १८८७ पूर्वीच ते प्रसिद्ध होऊन गेले होते असा अर्थ होईल. क्रिया त्याच वेळची आहे, म्हणून 'एल्दोनाता' हेच शुद्ध. ज्यांच्या मातृभाषेत 'घडले' आणि 'घडून गेले होते' यांसाठी दोन वेगळी साहाय्यक क्रियापदे आहेत, अशा जर्मन व डॅनिश भाषकांचा ओढा दुसऱ्या पक्षाकडे अधिक होता. हा तंटा कित्येक वर्षे चालून अखेर १९६७ मध्ये एस्पेरान्तो अकादमीने '-इत्'च्या बाजूने निकाल दिला. निकालाचा आधार सोळा नियम हा होऊ शकत नव्हता, कारण नियमांतून दोन्ही अर्थ निघत होते. आधार होता तो झामेनहोफ यांच्या व इतर मान्य लेखकांच्या प्रयोगाचा. सूत्राचा अर्थ संदिग्ध झाला की शिष्टप्रयोगाकडे पाहावे, हा न्याय येथेही लागू पडला.

शब्दसंग्रहात हीच ओढाताण निराळ्या रूपाने चालू आहे. 'माल्' या उपसर्गाचा अतिरेक कवींना खटकला. दुःखी म्हणावयाचे तर 'न-आनंदी', म्हातारा म्हणावयाचा तर 'न-तरुण', डावा म्हणावयाचा तर 'न-उजवा', हे पद्यात लांबही होते आणि रसभंगही करते. हंगेरियन वैद्य व कवी काल्मान कालोचाय आणि फ्रेंच विद्वान गास्तों वारांग्यां यांनी १९३२ मध्ये काव्यलेखनाची जी मार्गदर्शिका काढली, तिने काव्यभाषेतील अशा नव्या शब्दांचा पुरस्कार केला. 'त्रिस्ता', 'ओल्दा', 'लिवा' हे त्या प्रवृत्तीचे शब्द. त्यांवर विरोधकांचा आक्षेप असा की, दहा मुळांत जे भागते तेथे वीस लादली तर भाषा शिकणाऱ्या कामगाराने काय करावे? दोन्ही बाजूंना अंशतः यश आले. 'त्रिस्ता' काव्यात वापरतात, बाजारात 'माल्गाया' म्हणतात. नव्या वस्तूंच्या नावांतही परकी शब्द घ्यावा की घरचा घडवावा, हा मराठीला चिरपरिचित असलेला वाद आहेच. संगणकाला 'कोम्पुतोरो' की 'कोम्पुतिलो', यात गणन करणे या मुळाला साधनवाचक '-इल्' जोडलेला दुसरा शब्द रूढ झाला. १८८७ मध्ये नऊशेच्या आसपास असलेली मुळे २००२ च्या मोठ्या सचित्र कोशात सोळा हजारांवर गेली आहेत.

केवळ घटकांच्या बेरजेने ज्यांचा अर्थ लागत नाही असे शब्दही आता पुष्कळ आहेत. 'नेच़ेसेयो' म्हणजे शब्दशः 'आवश्यकतेचे स्थान', प्रत्यक्षात शौचालय. 'क्रोकोदिलि', मगरीपासून केलेला नामधातू, म्हणजे एस्पेरान्तो जाणणाऱ्यांच्या मेळाव्यात आपापल्या मातृभाषेत बोलत बसणे. 'काबेइ' या शब्दाची कथा तर विशेष आहे. काझिमेश बेइन हे वॉर्साचे नेत्रवैद्य 'काबे' या नावाने लिहीत, आणि त्यांचे गद्य आदर्श मानले जाई. १९११ मध्ये त्यांनी ही चळवळ एकाएकी सोडून दिली. तेव्हापासून, एस्पेरान्तोत नाव मिळविल्यावर तिच्याकडे पाठ फिरविणे याला 'काबेइ' म्हणतात. कोणत्याही नियमावरून, कोणत्याही मुळावरून हा अर्थ काढता येणार नाही. तो जाणण्यास त्या समाजाचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

आणि असा समाज आहे. त्याने मोठी किंमतही मोजली आहे. १९३७–३८ च्या सुमारास सोव्हिएत रशियात एस्पेरान्तो भाषकांची धरपकड झाली, नाझी राजवटीने त्यांच्या संस्थांवर बंदी घातली, आणि झामेनहोफ यांची तिन्ही मुले ज्यूंच्या संहारात मारली गेली. तरीही ज्यांच्या घरात ही भाषा जन्मापासून बोलली जाते अशी काही कुटुंबे जगभर विखुरलेली आहेत, आणि सोस्यूर यांच्या प्रश्नाची खरी परीक्षा तेथे होते. बेंजामिन बर्गेन यांनी २००१ मध्ये अशा आठ मुलांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या बोलण्यात कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम स्थिरावलेला आढळला, आणि काहींच्या तोंडी कर्माचा '-न्' गळू लागला होता. क्रमावरूनच कर्म कळत असेल तर प्रत्ययाचा भार कशाला, असा हा न सांगितलेला तर्क आहे. अनेक भाषांच्या इतिहासात विभक्ती अशाच झिजल्या. १८९४ च्या मतदानात जे नाकारले गेले, ते मुले कोणालाही न विचारता करू लागली होती.

मात्र यापुढची वाट नेहमीची नाही. या मुलांना ही भाषा बहुधा आईवडिलांकडून, कित्येकदा दोघांपैकी एकाकडूनच, ऐकावयास मिळते. अंगणात, शाळेत, बाजारात ती कानी पडत नाही. मातृभाषकाचे बोलणे हेच प्रमाण, असे धरून चालण्याची भाषाशास्त्रात जी वहिवाट आहे, ती येथे उलटी होते. मुलाने '-न्' गाळला तर ती मुलाचीच चूक ठरते, आणि ती दुरुस्त करणारी व्यक्ती बहुधा ही भाषा प्रौढपणी पुस्तकावरून शिकलेली असते.